पिवळा, कमी वापरलेला

जाहिरात चार ओळींची होती. डायव्हिंगचा जुना रेग्युलेटर, पूर्ण सेट, चालू स्थितीत, पंधरा हजार, सारसोळे. फोटोत मासळीच्या निळ्या क्रेटमध्ये नळ्यांचं वेटोळं दिसत होतं. क्षिप्रा ओगलेने ती बुधवारी दुपारी पाहिली आणि संध्याकाळी साडेपाचला ती सारसोळ्याच्या जेट्टीजवळ पत्ता विचारत होती.

तिला घाई होती. न्हावा शेव्याच्या एका कस्टम एजंटकडे तिने साडेतीन वर्षं कागद पुढे-मागे केले होते आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी राजीनामा दिला होता. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका डायव्हिंग केंद्रात शिकाऊ मार्गदर्शकाची एक जागा होती. एका जागेसाठी दोघांना बोलावलं होतं. चाचणी अकरा दिवसांनी, रविवारी, नेरुळच्या एका क्लबच्या तलावात होणार होती. केंद्राची अट स्पष्ट होती: रेग्युलेटर उमेदवाराचा स्वतःचा हवा, सर्व्हिस केल्याचा दाखला हवा. नवा सेट पन्नास हजारांच्या खाली मिळत नव्हता. क्षिप्राकडे वीस होते. सानपाड्याच्या घरी तिने राजीनाम्याचं अजून सांगितलं नव्हतं. जागा मिळाल्यावर दोन्ही एकदम सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरच्या तोंडावर बसणारा पितळी गोळा आणि त्यातून निघणाऱ्या नळ्या. एका नळीच्या टोकाला हवेचा दाब दाखवणारं गेज असतं. दुसऱ्या नळीच्या टोकाला तोंडात धरायचा काळा भाग, तो स्वतःचा. तिसरीच्या टोकाला तसाच पण पिवळा भाग, तो दुसऱ्यासाठी. पाण्याखाली जोडीदाराची हवा संपली तर पिवळा त्याला द्यायचा. रंग पिवळा, कारण घाबरलेल्या माणसालाही तो चटकन दिसावा.

विकणाऱ्याचं नाव दिनानाथ तांडेल. वय पन्नाशीच्या पुढे, छाती रुंद, बोलणं कमी. होड्यांच्या पंख्यात अडकलेली जाळी सोडवणं, जेट्टीचे खांब तपासणं, अशी कामं त्याने एकोणीस वर्षं केली होती. गेल्या वर्षापासून बंद. क्रेट मागच्या पडवीतल्या खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर होता. फक्त पिवळ्या भागाची नळी गजांतून बाहेर काढून भिंतीवर सोडली होती. वाळत घातली असेल, असं क्षिप्राला वाटलं.

तिने मोबाइलवर यादी लिहून आणली होती आणि ती यादीप्रमाणेच गेली. गोळ्याच्या आतली जाळी करडी होती, हिरवी नव्हती, म्हणजे आत पाणी शिरलेलं नव्हतं. नळ्यांना टोकाशी चिरा नव्हत्या. काळ्या भागाचं रबर दातांनी अर्धं तुटलेलं होतं. एकोणीस वर्षं एकाच माणसाने ते चावलं होतं. मग तिने गजांतून हात घालून पिवळा आत ओढला. त्याच्या रबरावर एकही दाताची खूण नव्हती. साच्यातून निघाल्याची बारीक रेघसुद्धा तशीच होती.

दिनानाथने तिच्या हातातून तो काढून घेतला आणि पुन्हा गजाबाहेर सोडला.

"काला घे," तो म्हणाला. "बारा दे. पिवला मी काढून ठेवतो."

"का, काका? पिवळाच तर चांगला आहे."

"म्हनून नको घेऊ."

या उत्तरावर क्षिप्राने जे केलं, ते जुना माल घ्यायला गेलेला कुणीही शहाणा माणूस करेल. विकणारा झिजलेला भाग गळ्यात मारतो आणि बरा भाग दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो, हे तिला ठाऊक होतं. सुटा पिवळा बाजारात नऊ हजारांना होता. तिने सांगितलं, जाहिरातीत पूर्ण सेट लिहिलाय, तर पूर्ण सेट द्या, नाहीतर राहू द्या. दिनानाथ राहू द्यायला तयार होता. तो क्रेट उचलायला लागला तेव्हा त्याची बायको राजाबाई आतून हात पुसत बाहेर आली. तिने क्षिप्राकडे पाहिलं नाही.

"दे तिला," ती नवऱ्याला म्हणाली. "किती दिस खिडकीला टांगून ठेवशील?"

"अगो, ती पोर हाय."

"मंग मी कोन हाय?"

चौदा हजारांत व्यवहार झाला. पिशवी राजाबाईने स्वतः बांधून दिली आणि घरातून न नेता मागच्या अंगाने ने, असं सांगितलं. क्षिप्रा पायवाटेने तिवरांच्या कडेने बाहेर पडली. आपण घासाघीस बरी केली, असं तिला वाटत होतं.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत उदयसिंह शिर्के यांचं वर्कशॉप आहे. ते मूळचे साताऱ्याकडचे. अग्निशमनवाल्यांचे श्वासाचे संच दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि पाणबुड्यांचे चार-दोन सेटही त्यांच्याकडे येतात. शनिवारी सकाळी त्यांनी क्षिप्राच्या समोरच सेट खोलला. गोळा ठीक होता. काळ्याच्या आतला पडदा थकलेला होता. तो बदलायचा तर सुटा भाग पुण्याहून मागवावा लागणार होता, आठवडा जाणार होता.

पिवळा उघडल्यावर ते तो घेऊन खिडकीच्या उजेडाशी गेले. मग त्यांनी भिंग घेतलं.

त्यांनी तिला दाखवलं ते असं. पिवळ्याच्या पुढच्या बाजूला एक बटण असतं. ते दाबलं की श्वास न ओढताही हवा सुटते. त्या बटणाखालची पट्टी वापराने घासून चकचकीत झाली होती. उलट सोडलेला श्वास ज्या रबरी पाकळीतून पाण्यात जातो, ती पाकळी कारखान्यात बसवली तशी आपल्या जागी चिकटलेली होती. ती एकदाही उघडलेली नव्हती. आतल्या कडेला करडा, अगदी मऊ चिखल होता.

"बघा की ताई," उदयसिंह म्हणाले. "श्वास आत गेलाय. बाहेर एकदाही आलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी नुसतं बटण दाबत बसलं असणार. आमच्याकडं पोरं वर्कशॉपात हेच करत्यात." ते हसले. "माल एक नंबर आहे. दातसुद्धा लागलेला नाही बघा."

निर्णय क्षिप्राने तिथेच घेतला. काळा थकलेला, पिवळा नवा. मग पिवळा स्वतःसाठी लावायचा आणि काळा जोडीदारासाठी ठेवायचा. उदयसिंहांनी नळ्यांची अदलाबदल केली, चिखल धुतला, पाकळी सैल केली आणि दाखल्यावर सही केली. मजुरी दोन हजार आठशे.

सोमवारी सकाळी साडेसातला ती क्लबच्या तलावात उतरली. तलावाचा खोल भाग साडेचार मीटर आहे. पाणी इतकं स्वच्छ असतं की तळाच्या फरश्यांमधल्या रेघा वरून मोजता येतात. काठावर जीवरक्षक सुनयना होती. क्षिप्रा तिला प्रशिक्षणापासून ओळखत होती. चाचणीची मुख्य अट अशी होती की चाळीस मिनिटं तळाशी राहायचं आणि वर येताना सिलिंडरमध्ये निदान ऐंशी बार हवा शिल्लक हवी; बार हे हवेच्या दाबाचं माप, भरलेला सिलिंडर दोनशे बारचा. पूर्वी भाड्याच्या सेटवर याच तलावात क्षिप्राला चाळीस मिनिटांना पंचाण्णव बार लागले होते. दोनशेतून पंचाण्णव गेले की एकशे पाच उरतात. ती निश्चिंत होती.

एकतिसाव्या मिनिटाला गेजचा काटा पन्नासावर आला आणि तिला वर यावं लागलं.

पहिला संशय गळतीवर गेला. सुनयनाने पाण्यात उतरून सगळ्या नळ्या पाहिल्या. गळती असती तर बुडबुडे दिसले असते. बुडबुडे फक्त क्षिप्राच्या श्वासाचे होते. दुपारी तिने सेट तुर्भ्याला नेला. उदयसिंहांनी तो हवा भरून टबात दोन तास ठेवला. काटा हलला नाही. तुम्ही घाबरून जास्त हवा ओढताय, असं त्यांनी तिला समजावलं. नवीन माणसाचं असंच होतं.

गुरुवारी ती पुन्हा उतरली. या वेळी तिने श्वास मोजले. मिनिटाला अकरा, संथ. अकरा श्वासांत एवढी हवा जाणं शक्य नव्हतं. दहाव्या मिनिटानंतर तिला ते ऐकू आलं.

पाण्याखाली माणसाला स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. ओढताना खरखर, सोडताना गडगड. मध्ये थोडी शांतता. क्षिप्राने श्वास सोडला, बुडबुडे वर गेले, आणि तिने पुढचा ओढण्याआधीच्या त्या शांततेत पिवळ्यातून खरखर आली. कुणीतरी श्वास ओढला होता. तो लांब होता, तहानलेल्याने पाणी प्यावं तसा. तिच्या छातीत काही गेलं नव्हतं. ती थांबून राहिली. गडगड आली नाही. मग तिने आपला श्वास घेतला, सोडला, आणि त्या शांततेत पुन्हा खरखर. पुन्हा गडगड नाही.

तिने चहूकडे पाहिलं. सकाळचं ऊन तळापर्यंत आलं होतं. निळ्या फरश्या, कोपऱ्यातली जाळी, भिंतीवरचा खोलीचा आकडा. पंचवीस मीटर लांबीच्या त्या तलावात ती एकटीच होती.

त्या दिवशी पन्नासाचा आकडा तिसाव्या मिनिटाला आला.

शुक्रवारी दुपारी ती सारसोळ्याला गेली. दिनानाथ ओट्यावर जाळं विणत होता. तिच्या हातातली पिशवी पाहून त्याने सुई खाली ठेवली. तू तो तोंडात धरलास का, एवढंच त्याने विचारलं. तिने हो म्हटल्यावर त्याने राजाबाईला हाक मारली आणि पाणी आणायला सांगितलं. पैसे परत देतो, असंही तो म्हणाला. क्षिप्राने पैसे नकोत म्हणून सांगितलं. रविवारी चाचणी होती. तिला फक्त कारण हवं होतं.

कारण त्याने जाळ्याकडे बघत सांगितलं. होड्या आणि जेट्ट्यांचं काम खरं, पण त्याला जास्त वेळा बोलावत ते दुसऱ्याच कामासाठी. खाडीपुलावरून कुणी उडी मारली, कुणी भरतीत वाहून गेलं, की पोलीस त्याच्या दारी येत. तो बुडी मारून प्रेत वर आणी. हे काम त्याला वेंगुर्ल्याकडून आलेल्या एका म्हाताऱ्या पाणबुड्याने शिकवलं होतं. त्या कामाची एक रीत होती.

"खालचा मानूस असाच उचलायचा नाय," दिनानाथ म्हणाला. "चिखलात रुतलेला असतो. येत नाय. आधी त्याला एक श्वास द्यायचा. मंग येतो."

"मेलेल्या माणसाला?"

"जित्यासाठी आमाला कोन बोलावतो, पोरी?"

म्हातारा पूर्वी स्वतःच्या तोंडाने देई. दिनानाथकडे सिलिंडर आला तेव्हापासून तो पिवळा भाग प्रेताच्या दातांत बसवून एकदा बटण दाबी. हवा आत जाई. प्रेत सैल होई. मग तो ते काखेत धरून वर आणी.

क्षिप्राला वाटलं, त्याचं सांगून झालं. पण तो थांबला होता तो राजाबाई आत जायची वाट पाहत. ती गेली नाही, तेव्हा त्याने तिच्यासमोरच उरलेलं सांगितलं.

"नावंत घेतला का पालथा घालायचा. पाठीवर दाबायचा. दिलेला श्वास काढून घ्यायचा. त्याच्यापाशी ठेवायचा नाय. ह्ये मेन हाय." त्याने सुई पुन्हा उचलली. "सदतीस आनले. सगल्यांचा काढून घेतला. अडतिसावा पोरगा होता, वीस-बावीसचा. गेल्या वर्सी श्रावनात. श्वास दिला, सैल झाला, आनि ओहोटीनं मारला झटका. हातातून गेला. चार दिस शोधला. नाय गावला."

"मग?"

"मंग काय. त्याच्यापाशी ऱ्हायला. त्यो अजून वडतोय."

राजाबाईने सांगितलं की सेट घरात होता तेव्हा तिला बसल्या जागी धाप लागायची. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, काही निघालं नाही. पिवळा गजाबाहेर सोडल्यावर धाप थांबली. टाकून का दिला नाही, असं क्षिप्राने विचारलं. खाडीत टाकला तर परत खाडीतल्या कुणाच्या तोंडी जाणार, कचऱ्यात टाकला तर भंगारवाल्याच्या, असं दिनानाथचं उत्तर होतं. जाहिरातीत पूर्ण सेट राजाबाईने लिहायला लावलं होतं; त्याच्या मते काळ्यासोबत जायचाच नव्हता तो. तिने हट्ट केला नसता तर तो खिडकीलाच राहिला असता. क्षिप्राने पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं.

उपाय दिनानाथला माहीत नव्हता. त्याने तसं साफ सांगितलं.

क्षिप्राने बसस्टॉपवर उभं राहून तीन दुकानांना फोन लावले. सुटा पिवळा मंगळवारच्या आत कुठेच मिळणार नव्हता. चाचणी दोन तोंडांच्या सेटशिवाय होत नव्हती. आणि राजीनामा मंजूर झालेला होता.

शनिवारी उदयसिंहांनी काही न विचारता नळ्या पुन्हा बदलल्या. काळा थकलेला असला तरी चालत होता. तो क्षिप्राने स्वतःसाठी घेतला. पिवळा छातीवर अडकवला आणि त्याच्या तोंडात रबरी बूच बसवलं.

रविवारी सकाळी आठला प्रियदर्शिनी सावंत काठावर उभी होती. मालवणच्या त्या केंद्राची ती प्रमुख. चाळिशीची, काटक, उन्हाने रापलेली. दुसरा उमेदवार वरद नावाचा सानपाड्याचाच मुलगा होता, कॉलेज नुकतंच संपलेला. त्याच्याकडे नवाकोरा सेट होता, मामाने दुबईहून आणलेला. प्रियदर्शिनीने दोघांचे दाखले पाहिले आणि पाण्यात उतरण्याआधी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली प्रत्येक पाणबुड्याला पहिल्या दिवशी शिकवतात ती. वर येताना श्वास धरायचा नाही. खालची दाबलेली हवा वर येताना फुगते, आणि ती छातीत कोंडलेली असली तर फुप्फुस फाटतं. त्याला साडेचार मीटर पुरतात.

दुसरी तिने तितक्याच सरळ आवाजात सांगितली. खडकांवर फोटो काढताना पर्यटक वाहून जातात. वर्षाला एक-दोन. मग केंद्राला बोलावणं येतं आणि जो कामावर असेल त्याला खाली जावं लागतं. केंद्राचे सेट पर्यटकांच्या तोंडात जातात, ते या कामाला वापरता येत नाहीत. "म्हणून सेट तुमचा," ती म्हणाली. "ज्याला जमणार नाही त्याने आत्ता सांगा. राग नाही."

वरद म्हणाला, जमेल. क्षिप्रा म्हणाली, जमेल. तेवढ्यात छातीवरच्या पिवळ्याबद्दल सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. पण जोडीदाराला देता येणार नाही असा पिवळा घेऊन आलेला उमेदवार चाचणीआधीच बाद होतो. तिने बुचावर तळवा ठेवला आणि ती पाण्याकडे वळली.

चाळीस मिनिटं नीट गेली. काळ्यातून श्वास जड येत होता, पण तिचा तिलाच येत होता. बुचामागे पिवळा गप्प होता. शेवटी गेजवर एकशे दोन होते. वरदकडे अठ्ठ्याण्णव. दोघं बरोबरीत होते.

मग शेवटचा भाग. प्रियदर्शिनीही सिलिंडर लावून खाली आली आणि तिघं तळाशी गुडघ्यांवर बसली. वरदने आपला काळा भाग तोंडातून काढला आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला. हवा संपली, ही ती खूण. आता क्षिप्राने त्याला पिवळा द्यायचा, दोघांनी एकमेकांचा दंड धरायचा आणि सावकाश वर यायचं. नियम तसा होता.

क्षिप्राने स्वतःच्या तोंडातला काळा काढून वरदच्या तोंडात दिला. प्रियदर्शिनीने मान तिरकी केली. क्षिप्राने बूच उपटलं, पिवळा दातांत धरला, बटण दाबून आतलं पाणी घालवलं आणि श्वास ओढला.

हवा आत आली. छाती भरली. तिने ओढणं थांबवलं, तरी हवा येत राहिली, दुसऱ्याच कुणाच्या ओढीने. बरगड्या ताणल्या गेल्या. तिने श्वास सोडायचा प्रयत्न केला आणि तो सुटला नाही. घसा मिटलेला नव्हता, काही अडकलेलं नव्हतं. बाहेर सोडणं ही क्रियाच जणू तिच्या शरीरात नव्हती. तिने पिवळा तोंडातून काढला आणि तोंड उघडं धरलं. एकही बुडबुडा आला नाही.

वरदने ठरल्याप्रमाणे तिचा दंड धरला आणि तो वर निघाला.

अशा अवस्थेत वर जाणं म्हणजे काय, हे तासाभरापूर्वीच सांगून झालं होतं. क्षिप्राने त्याचा हात झटकला, तरंगायला मदत करणारी अंगावरची हवेची पिशवी रिकामी केली आणि ती तळावर पालथी झाली. काळ्याची नळी पाऊण मीटरची असल्यामुळे वरदही तिच्यासोबत खाली ओढला गेला. तिने छाती फरशीवर दाबली. पुरत नव्हतं. तिने हात मागे नेऊन स्वतःच्या पाठीवर बोट टेकवलं, सिलिंडरच्या बाजूला, एकदा, दोनदा. प्रियदर्शिनीने सिलिंडर एका अंगाला सारला, दोन्ही तळवे तिच्या पाठीवर ठेवले आणि दाबले. तिने नीट मध्यावर आणि प्रथमोपचाराच्या सवयीने दाबले.

श्वास सुटला.

काठावरून सुनयना पाहत होती. तिच्या हातात चाचणीचं घड्याळ होतं. क्षिप्राच्या तोंडातून बुडबुडे सुरू झाले तेव्हा तिने सहज आकडा पाहिला आणि थांबले तेव्हा पुन्हा पाहिला. मध्ये बावन्न सेकंद गेले होते. एवढ्या वेळात खालच्या मुलीने श्वास घेतला नव्हता. बुडबुडे आधी साधे होते. मग ते करडे झाले, आणि क्षिप्राच्या तोंडाभोवती तळावर चिखलाचा डाग पसरला. खाडीचा वास पाण्यावर येऊन सुनयनापर्यंत पोहोचला.

त्यानंतर क्षिप्राने पिवळा पुन्हा तोंडात घेतला. एक श्वास ओढला, सोडला. पाकळी उघडली, चार स्वच्छ बुडबुडे वर गेले. तिने वरदचा दंड धरला आणि नियमाप्रमाणे, सावकाश, श्वास सोडत दोघं वर आली.

वरद काठावर बसून पुन्हा पुन्हा तोंड धूत होता. तुझ्या तोंडातून चिखल आला, असं तो दोनदा म्हणाला. मग त्याने कुणी न विचारता सांगितलं की त्याला हे काम जमणार नाही. प्रियदर्शिनीने त्याला कपडे बदलायला पाठवलं आणि सुनयनाला गाळणीचा पंप लावायला सांगितलं.

मग प्रियदर्शिनी क्षिप्राच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली.

"काय गो, पिवळा त्याला का नाही दिलास?"

क्षिप्राने सगळं सांगितलं. सारसोळे, खिडकी, सदतीस, अडतिसावा. सांगताना ती मध्ये मध्ये थांबून श्वास सोडून पाहत होती. प्रत्येक वेळी तो सुटत होता. हे खोटं आहे किंवा वेडेपणा आहे, असं प्रियदर्शिनी म्हणाली नाही. तिने पिवळा उचलला, उलटा केला आणि रबरावर अंगठा फिरवला. आता त्यावर दातांच्या दोन खोल खुणा होत्या.

"पालथा घालून काढून घ्यायचा," ती म्हणाली.

"हो."

"प्रत्येकाचा?"

"सदतीसच्या सदतीस जणांचा, असं म्हणाले."

प्रियदर्शिनीने पिवळा फरशीवर ठेवला. मालवणला तिला हे काम शिकवणाराही वेंगुर्ल्याचाच होता, असं ती म्हणाली. तो फार दिवस राहिला नाही. अर्धवट शिकवून गेला.

"श्वास द्यायचा, एवढं त्याने सांगितलं होतं," ती म्हणाली. "काढून घ्यायचा, हे नाही."

क्षिप्राने किती, असं विचारलं.

"नऊ."

तलावाच्या दुसऱ्या टोकाला पंप सुरू झाला. प्रियदर्शिनीने अर्जाच्या कागदावर सही केली, तारीख घातली आणि तो क्षिप्राकडे दिला. एक डिसेंबरला हजर व्हायचं होतं. मग तिने मोबाइल काढला आणि सारसोळ्याच्या त्या माणसाचा नंबर मागितला. क्षिप्रा एकेक आकडा सांगत गेली आणि प्रियदर्शिनीने तो पुन्हा म्हणून दाखवत लिहून घेतला.